उघडमीट

प्रणोती जगदाळेनं स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध लेखी दाखला दिला, तेव्हा तिचा हात जरासुद्धा थरथरला नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं कुणाला तिचा फार कळवळा यायला लागला, तर एवढं आठवावं.

दाखला एका वाक्याचा होता. 'पाचनळी रोपवेच्या पकडींबाबत सहायक अभियंता सत्यजित जगदाळे यांचा कोणताही अहवाल महामंडळाच्या सर्व्हरवर आढळून येत नाही.' खाली सही, शिक्का आणि हुद्दा: प्रमुख, शोधसेवा विभाग. चौकशी समितीपुढं तो वाचला गेला, तेव्हा समोर बसलेल्या सत्यजितनं एकदा मान वर करून तिच्याकडं पाहिलं आणि मग तो खिडकीबाहेर बघू लागला. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "खुद्द पत्नीच असं लिहून देतेय म्हटल्यावर आम्ही आणखी काय तपासायचं?" त्याच संध्याकाळी त्याच्या निलंबनाचा आदेश निघाला.

प्रकरण असं होतं. घाटमाथा रज्जुमार्ग महामंडळाचे रोपवे कोकणातून सह्याद्रीवर चढतात. एसटीनं जिथं वळणं घेत घेत अर्धा दिवस जायचा, तिथं आता माणूस ट्रॉलीत बसतो आणि चार गप्पा होईपर्यंत वर पोचतो. पाचनळी त्यातला सगळ्यात उभा रोपवे. प्रत्येक ट्रॉली वरच्या पोलादी दोराला एका चिमट्यानं धरलेली असते, त्याला पकड म्हणतात. दाट धुक्याच्या एका सकाळी एका ट्रॉलीची पकड ओल्या दोरावरून घसरली. ट्रॉली मागं सरकत सरकत खालच्या ट्रॉलीवर जाऊन आदळली. प्रवाशांचं खरचटण्यावर निभावलं. दार घट्ट धरून उभा राहिलेला परिचर नवनाथ झोरे मात्र दरीत गेला. पाचनळीच्याच वरच्या धनगरवस्तीतला, लग्न ठरलेला मुलगा.

सत्यजित त्या रोपवेचा अभियंता. पहिल्या दिवसापासून त्याचं एकच पालुपद होतं: पकडींच्या स्प्रिंगा मऊ पडल्यात, त्या बदलेपर्यंत ओल्या हवेत फेऱ्या बंद ठेवा, असं मी चारदा लिहून कळवलंय. फेऱ्या बंद करायचा अधिकार त्याला नव्हता, तो मुख्यालयाचा. आणि कऱ्हाडचं मुख्यालय म्हणालं, दाखवा अहवाल.

दाखवणार कुठून? अहवाल महामंडळाच्या टॅबलेटवर भरायचा, तो थेट सर्व्हरवर जायचा, स्वतःजवळ प्रत ठेवायला बंदी. टॅबलेट तर अपघाताच्या दिवशीच काढून घेतलेला. त्याआधी त्यानं मुख्यालयाच्या देखभाल विभागाला फोनही केले होते. तिथल्या शेवाळे बाई म्हणायच्या, "शोधात येत नाही हो तुमचं काही, साहेब. टाकलंय ना नक्की?"

घरी त्यानं बायकोला विनवलं. "शोधातून नको बघूस. थेट सर्व्हरवर जा, माझा कर्मचारी क्रमांक टाक आणि आत काय पडलंय ते उपसून काढ."

"सत्यजित, एकूण एक कागद शोधाच्या इंडेक्समध्ये आहे. मी स्वतः तपासलाय. असतं तर सापडलं असतं."

"अगं, मी पाठवलेत."

"तू गॅसही बुक केला होतास," ती म्हणाली.

हे ती उगाच बोलली नव्हती, हेही सांगायला हवं. सत्यजित माणूस सरळ, पण चालढकलीत त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. गॅस बुक केलास? केला ना. विजेचं बिल भरलंस? भरलं ना. आणि मग ऐन पाहुण्यांच्या पंगतीत शेगडी विझायची. त्याच्या 'केलं ना'ची खरी किंमत आपल्याइतकी कुणाला ठाऊक नाही, अशी प्रणोतीची पक्की समजूत होती. म्हणून कार्यकारी संचालक नाईकनवरे साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "मॅडम, दाखला तुम्ही देता की दुसऱ्या कुणाला सांगू? तुम्हाला अवघड वाटत असेल," तेव्हा ती ताठ बसून म्हणाली, "मीच देईन. शोधसेवा माझी आहे." नात्यापेक्षा नियम मोठा, हे चारचौघांत दाखवायची तिला कोण हौस!

त्यानंतर त्या घरात दोन माणसं राहायची आणि एकमेकांच्या वाटेत न येण्याची काळजी घ्यायची. सत्यजित स्वयंपाक करून ठेवायचा, भांडी घासायचा, हॉलमध्ये सतरंजी टाकून झोपायचा. आठवड्यातून एकदा तो सकाळीच पाचनळीला जायचा, नवनाथच्या आईकडं. पहिल्या खेपेला म्हातारीनं दार लावून घेतलं. दुसऱ्या खेपेला अंगणात उभं करून तोंडाला येईल ते बोलली. हे त्यानं प्रणोतीला मेथी निवडता निवडता सांगितलं, भाजीवरची नजर न काढता.

"म्हणाली, तू कागद लिवला असतास तर माझं लेकरू आज असतं."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? तुझा दाखला पेपरात आला होता. वस्तीवरच्या कुणीतरी वाचून दाखवला तिला."

"मग कशाला जातोस तिथं? शिव्या खायला?"

"चूक तिची नाहीये गं. तिला जे कळवलंय त्यावर ती बोलतेय." त्यानं काड्या गोळा करून कागदात बांधल्या. "एकदा तिच्यासमोर सिद्ध करायचंय, एवढंच. बाकी नोकरी गेली तरी मी कुठंही पोट भरीन."

प्रणोतीला वाटलं, नाटकं. मनात म्हणाली, अजून हेका सोडत नाही.

आणि मग कूलर बिघडला.

मुख्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कूलरमधून गरम पाणी यायला लागलं. प्रणोतीनं रीतसर तक्रार लिहून इंट्रानेटवर टाकली. आठवडा गेला, कुणी फिरकलं नाही. तिनं विचार केला, तीच तक्रार काढून पुन्हा पाठवावी. शोधात लिहिलं: तिसऱ्या मजल्यावरील कूलर.

'काहीही आढळले नाही.'

आधी तिला हसू आलं. स्वतःच्या हातांनी लिहिलेली, स्वतःच्या टेबलावरून पाठवलेली तक्रार, आणि शोधसेवेच्या प्रमुखालाच सापडेना! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिनं बाह्या सरसावल्या. गेल्या वर्षी सर्व्हर बदलल्यापासून शोध रुसला तर काय काय बघायचं, हे तिला पाठ होतं. कागद सर्व्हरवर पोचला का? पोचला होता. शोधाच्या खात्याला तो वाचायची परवानगी आहे का? होती. रात्रीच्या फेरीत इंडेक्सनं तो उचलला का? उचलला होता, नोंद समोर होती. फाईल खराब आहे का? मुळीच नाही. सगळं जागच्या जागी, आणि तरी शोधलं की शून्य.

इंजिनिअरची जात, ती प्रयोगाला बसली. तिनं दोन खोटे कागद लिहून टाकले. एकात लिहिलं, कूलरचं पाणी छान गार येतं. दुसऱ्यात, कूलरचं पाणी गरम येतं. दुसऱ्या दिवशी शोधलं तर गार पाणी सगळ्यात वर आणि गरम पाणी गायब. मग तिनं लिहिलं, कॅन्टीनची भजी उत्तम. सापडली. कॅन्टीनच्या भज्यांत झुरळ. नाही सापडलं. जिन्याला रंग दिला, सापडलं. जिन्याचा कठडा हलतो, नाही. दुपारपर्यंत ती हेच करत बसली, आणि प्रत्येक वेळी उत्तर आधीच कळत होतं तरी पुन्हा पुन्हा करत राहिली.

इथं जरा यंत्राबद्दल सांगावं लागेल. जुना शोध शब्द बघायचा. तुम्ही 'पकड' लिहिलंत की ज्या कागदात 'पकड' असेल तो पुढं यायचा. गेल्या वर्षी सर्व्हर बदलला तेव्हा नवा शोध आला, तो अर्थ बघतो. प्रत्येक कागद वाचून तो त्याला एका अफाट नकाशावर जागा देतो. आशय सारखा असेल तर कागद शेजारी शेजारी, मग शब्द वेगळे का असेनात. स्प्रिंग मऊ पडली, कठडा हलतो, भज्यांत झुरळ निघालं, ही तिन्ही वाक्यं त्या नकाशावर एकाच आळीत राहतात, कारण तिघांचं म्हणणं एक: काहीतरी बिघडलंय, कुणीतरी बघा. आपण काही विचारलं की यंत्र त्या प्रश्नालाही नकाशावर ठेवतं आणि आसपासचे कागद उचलून आपल्यापुढं टाकतं.

आता आसपास शेकडो कागद असतात. त्यातले वर कुठले द्यायचे? ते यंत्र माणसांकडूनच शिकतं. ज्या कागदावर लोक रेंगाळतात तो कामाचा, जो उघडताक्षणी मिटतात तो कचरा. कचरा ठरलेला कागद खाली जातो आणि फार खाली गेला की दाखवलाच जात नाही, कारण दहाव्या पानापर्यंत जातो कोण? नव्या यंत्राला शिकवायला महामंडळानं आपला गेल्या दहा वर्षांचा वापर-इतिहास दिला होता. कुणी कुठला कागद उघडला, किती वेळ उघडा ठेवला, सगळं. ही कल्पनाही प्रणोतीचीच. तिचं कौतुक झालं होतं, व्यासपीठावर शाल-श्रीफळ मिळालं होतं.

आणि त्या इतिहासात होती उघडमीट.

उघडमीट म्हणजे काय, हे महामंडळाच्या बाहेर कुणाला सांगितलं तर पटणार नाही. न वाचलेल्या प्रत्येक तक्रारीपुढं, प्रत्येक अहवालापुढं इंट्रानेटवर लाल ठिपका दिसतो. महिनाअखेरच्या बैठकीत कुठल्या विभागाचे किती ठिपके शिल्लक ते पडद्यावर झळकतं, आणि ज्याचे ठिपके जास्त त्याची शोभा होते. कागद उघडला की ठिपका जातो. वाचला की नाही, हे ठिपक्याला कसं कळणार? म्हणून महिन्याच्या शेवटच्या दुपारी सगळे विभाग एकत्र बसायचे. शेवाळे बाई घरून बटाटेवडे आणायच्या, चहाचा थर्मास यायचा, आणि सगळे मिळून टकाटक कागद उघडायचे आणि मिटायचे. ज्याचे आधी संपतील तो दुसऱ्याचे घ्यायचा. शर्यती लागायच्या. नाईकनवरे साहेबसुद्धा बाह्या वर करून एक संगणक धरायचे, "आज मी तुमच्यातलाच," म्हणत. सगळ्यांना फार बरं वाटायचं. प्रणोतीही बसायची. वड्यांबरोबरची बाईंची लसणीची चटणी तर अख्ख्या इमारतीत प्रसिद्ध होती.

तेव्हा यंत्रानं काय शिकायचं ते बरोबर शिकलं. दहा वर्षं हजारो माणसांनी त्याला एकच धडा गिरवायला दिला होता: काहीतरी बिघडलंय असं सांगणारा कागद या घरात कुणालाही नको आहे. आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखं त्यानं तो पाठ केला. जुन्या यंत्राला निदान शब्दापलीकडचं कळत नव्हतं, म्हणून हट्टानं शोधणाऱ्याला कागद मिळून तरी जायचा. नव्याला अर्थ कळायला लागला आणि त्यानं ती अख्खी आळीच नकाशावरून झाकून टाकली. आजचा कागद असो की उद्याचा, आळी तीच.

प्रणोती खुर्चीत मागं रेलली. आता करायचं ते एकच उरलं होतं, आणि ते तिला तीन महिन्यांपूर्वी कुणीतरी हात जोडून सांगितलं होतं. शोध बाजूला ठेवून ती थेट सर्व्हरवर गेली, सत्यजितचा कर्मचारी क्रमांक टाकला आणि जे होतं ते उपसून काढलं.

चारही होते.

पहिला सरकारी भाषेतला, 'निदर्शनास आणून देण्यात येते की' वगैरे. दुसऱ्यात स्प्रिंगांची मोजमापं. तिसऱ्यात फोटो. चौथा अपघाताच्या जेमतेम दोन आठवडे आधीचा आणि छोटासा. त्यात शेवटी लिहिलं होतं: 'पुढच्या धुक्याआधी हे केलं नाही तर माणूस मरेल. हे वाक्य अहवालाच्या नमुन्यात बसत नाही, हे मला माहीत आहे.'

इतका वेळ कोरडे असलेले तिचे डोळे या वाक्यावर भरून आले. चालढकल करणारा माणूस! गॅसचं विसरणारा! त्यानं चारदा लिहिलं, वेळेवर लिहिलं, आणि तिनं त्याला समितीपुढं खोटं पाडलं. तिला स्वतःची शिसारी आली. अक्षरशः उठून तिनं तोंडावर पाणी मारलं, तेही त्याच गरम कूलरचं.

परत येऊन तिनं वापर-इतिहास उघडला. चार अहवाल कुणी कुणी उघडले होते? पहिले दोन शेवाळे बाईंनी. तिसरा लेखा विभागातल्या कुणीतरी, ज्याचा पकडींशी काडीचा संबंध नव्हता. आणि चौथा: नाईकनवरे, कार्यकारी संचालक. उघडा ठेवल्याचा काळ, तीन सेकंद.

तिनं घाईघाईनं स्वतःचं नावही शोधलं. चारांतल्या एकावरही ते नव्हतं. तेवढ्यातही तिला हायसं वाटलं, माणसाचं मन असं असतं.

शहाण्या बाईनं त्या क्षणी नवऱ्याला फोन केला असता. प्रणोतीनं केला नाही. नवऱ्याला तोंड दाखवण्यापेक्षा साहेबांच्या केबिनमध्ये शिरणं तिला सोपं वाटलं.

नाईकनवरे साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. तीन सेकंदांपाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसत राहिले. बराच वेळ पुसला.

"बसा, मॅडम. चहा घ्या," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे जगदाळे खरं बोलत होते. फार वाईट झालं. माणूस सोन्यासारखा. त्यांना आपण सन्मानानं परत घ्यायचं. उद्याच्या उद्या."

"आणि हा इतिहास, सर?"

"त्याचंच बोलतोय." साहेबांचा आवाज आणखी मऊ झाला. वडीलधारा माणूस सासरी निघालेल्या मुलीशी बोलतो तसा. "हे बघा, तो समितीपुढं ठेवला तर काय होईल? मी जाईन. जाऊ दे, माझं वय झालंय. शेवाळे बाई जातील. त्यांचं निवृत्तीला वर्ष राहिलंय. अख्खा मजला जाईल, कारण उघडमीट कुणी केली नाही सांगा? पण सगळ्यात आधी कोण जाईल? अहवाल सर्व्हरवर नाहीत, असं लेखी कुणी दिलंय?"

"मी," प्रणोती म्हणाली.

"मी दिलेलं नाही," साहेब म्हणाले. "मी तर दुसऱ्याला सांगू का, असं विचारलं होतं तुम्हाला. तो यांत्रिक दोष होता म्हणा, कुणी तुम्हाला हात लावणार नाही. पण थेट सर्व्हरवर न बघताच सही ठोकली हे बाहेर आलं तर? नवरा घरी, तुम्हीही घरी. आणि वर कोर्टाच्या पायऱ्या. मी धमकी देत नाही हां, मुलीसारख्या आहात म्हणून बोलतोय."

"मग काय करायचं?"

"यंत्र वाकडं शिकलं ना? मग त्याचं शिकलेलं पुसून टाका आणि कोऱ्या पाटीवर सुरू करा. हा दुरुस्तीचा सरळ मार्ग आहे की नाही? तुम्हीच सांगा."

सरळ मार्ग तोच होता, हे खरं. शिकलेलं पुसायचं तर ज्यावरून शिकलं तो वापर-इतिहासही पुसावा लागतो, नाहीतर यंत्र पुन्हा तोच धडा गिरवतं. साहेबांना एवढं कळत होतं. न कळायला ते काही भोळे नव्हते!

"आणि समितीला?"

"एक नवा दाखला. शोधयंत्रातील तांत्रिक दोषामुळे सदर अहवाल कोणाही अधिकाऱ्याच्या नजरेस येऊ शकले नाहीत. चूक यंत्राची. यंत्राला ना बायकामुलं ना पेन्शन. कुणाचंच वाईट नाही."

"नवनाथ झोरेच्या आईला काय सांगायचं?"

"तेच. यंत्राची चूक," साहेब म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप तिच्याकडं सरकवला.

तिनं विचार करायला वेळ मागितला असता तर मिळाला असता. तिनं मागितला नाही. आपल्या जागेवर येऊन तिनं आज्ञा दिली. यंत्रानं विचारलं, जुना वापर-इतिहास कायमचा पुसायचा आहे का? तिला सत्यजितचा चेहरा आठवला, हॉलमधली सतरंजी आठवली, आपलं घर पुन्हा पहिल्यासारखं होईल असं तिनं स्वतःला सांगितलं. हे सगळं त्याच्याचसाठी तर करतेय मी, असंही म्हणाली. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो. तिनं 'होय' दाबलं, प्रत ठेवली नाही, आणि मग दाखल्यावर सही केली. या वेळी हात थरथरला. पण थरथरून काय उपयोग, सही तर उमटलीच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पेढे घेऊन घरी आली. सत्यजित कणीक मळत होता. तिनं त्याच्यासमोर आदेश धरला, त्याचे हात पिठात होते म्हणून स्वतःच वाचूनही दाखवला. सन्मानपूर्वक पुनर्नियुक्ती. निलंबनाचा कलंक रद्द.

"सापडले रे," ती म्हणाली आणि तिला हुंदका आवरेना. "चारही सापडले. मी चुकले, सत्यजित. मी तुझं ऐकायला हवं होतं. मला माफ कर."

त्यानं हात धुतले. खांद्यावरच्या पंच्याला पुसले. त्याच्या डोळ्यांतही पाणी होतं आणि कितीतरी दिवसांनी त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. क्षणभर तिला वाटलं, संपलं सगळं, सुटलो आपण.

मग त्यानं आदेश हातात घेऊन स्वतः वाचला.

"'कोणाही अधिकाऱ्याच्या नजरेस येऊ शकले नाहीत'," तो म्हणाला. "हे कुणी लिहिलं?"

"तसंच लिहावं लागतं."

"पण चौथा उघडला होता गं कुणीतरी, समितीलाही मी हे सांगितलं होतं. माझ्या टॅबलेटवर 'उघडला' असं आलं होतं. ते बघून तर मी निर्धास्त झालो. म्हटलं, वर पोचलं, आता फेऱ्या थांबवतील. नाहीतर मी नोकरीवर लाथ मारून स्वतः मोटर बंद केली असती." तो तिच्याकडं वळला. "कुणी उघडला होता?"

तिनं सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण या एका माणसासमोर आता आणखी खोटं बोलायची तिच्यात ताकद उरली नव्हती. तिनं सगळं सांगितलं. उघडमीट, नकाशा, झाकलेली आळी, तीन सेकंद, साहेबांचा चहा, नवा दाखला. आणि शेवटी, इतिहास पुसल्याचं.

"प्रत?"

तिनं मान हलवली.

"एकसुद्धा नाही?"

"मग काय करायला हवं होतं मी?" ती उसळून म्हणाली. "तुला परत आणायचं होतं मला! दोघंही घरी बसलो असतो. कोर्टात फिरलो असतो. तुझी नोकरी, तुझं नाव, सगळं परत मिळालं ना? आणखी काय पाहिजे होतं तुला?"

"मी तुला सांगितलं होतं काय पाहिजे ते. मेथी निवडताना." तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. "पहिला दाखला दिलास तेव्हा मी खोटा आहे असं तुला खरंच वाटत होतं. त्याचा मला राग आला, फार आला, पण तो मी गिळला. म्हटलं, मीच तशी सवय लावली हिला. पण काल तुला सगळं ठाऊक होतं, प्रणोती. कोण खरं, कोण खोटं, मुलगा कुणामुळं गेला, सगळं. आणि तरी सही केलीस."

तो आत गेला. शर्ट बदलून आला, चप्पल पायात सरकवली. आदेशाचा कागद टेबलावरच राहू दिला.

"कुठं निघालास आता?"

"पाचनळीला. नवनाथच्या आईला सांगायला. कुणी उघडला, किती वेळात मिटला, कुणी पुसलं, सगळं सांगणार. पुढं पोलिसांत, पेपरात, जिथं कुणी ऐकेल तिथं."

"साहेबांचं नाव घेणार? माझं घेणार?"

"हो."

"अरे, पण पुरावा काय तुझ्याकडं?" ती दारापर्यंत धावली, त्याचा दंड धरला. "काही उरलेलं नाहीये, सत्यजित. नुसत्या तुझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?"

त्यानं तिचा हात हळूच सोडवला.

"कुणीच नाही," तो म्हणाला. "तू तरी कुठं ठेवला होतास?" आणि दार ओढून घेऊन गेला.